पराभव नाम संवत्सरातला विजेता

मी एक जन्मपत्रिका बोलतेय. कुणा राजामहाराजाची नव्हे, दामोदर व्यंकटेश हुदलीकर, हेड ड्राफ्ट्समन, मुक्काम बसवनगुडी, बंगळूर, यांची. लांबी सव्वादोन हात, रुंदी वीतभर. डोक्यावर गणपती, पायाशी ज्योतिषाच्या तंबाखूचं बोट. आपल्याकडे पत्रिकेला लोक दोनदाच हात लावतात, लग्न जमेना म्हणजे आणि माणूस बरा होईना म्हणजे. मला मात्र माझ्या मालकानं धावण्याच्या शर्यतीसाठी बाहेर काढलं. असा मान आमच्या जातीत दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

माझा जन्म माझ्या मालकाच्या जन्मानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. १९३४ साली, बेळगावात, त्यांच्या मामांच्या ओसरीवर. मालकांना तेव्हा चांगल्या मिशा होत्या. आईवडील लहानपणीच गेलेले, मामांनीच वाढवलेलं. "मूळ पत्रिकेला वाळवी लागली रे, तिची ही नक्कल करून घेतली," असं मामांनी सांगितलं आणि भाच्यानं मान डोलावली. मामा आणि ज्योतिषी त्याआधी दोन दुपारी दार लावून काय बोलत होते, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. त्याचं लक्ष मुलीच्या फोटोकडे होतं.

माझ्यावर लिहिलं गेलं ते असं: शके १८२८, पराभव नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, सोमवार, मूळ नक्षत्र. इंग्रजी हिशेबानं बावीस ऑक्टोबर १९०६. खाली भविष्य. वाहनसौख्य उत्तम, म्हणून मालकांना आयुष्यभर एक सायकल मिळाली. परदेशगमन, म्हणून ते बेळगावाहून बंगळुरास आले. तेव्हा ते म्हैसूर संस्थानात होतं, त्यामुळे ज्योतिषी अगदीच चुकला असं म्हणवत नाही. आणि शेवटी एक ओळ, 'जातकास पायाने कीर्ती'. ही ओळ जागा उरली म्हणून घातली होती. पण तिनंच पुढे सगळा गोंधळ घातला.

लग्न झालं. मुलगी धारवाडची, कस्तुराबाई, ट्रेनिंग कॉलेजातून शिकलेली शिक्षिका. लग्नानंतर माझी सुरळी करून मला कापराच्या वड्या घातलेल्या पत्र्याच्या नळीत कोंबलं. नळीत माझ्याआधीच एक जण होती, कस्तुराबाईंची पत्रिका. अबोल, नीटस अक्षराची. आम्ही दोघी पंचवीस वर्षं एकमेकींना चिकटून जेवणाच्या खोलीतल्या ट्रंकेत पडून होतो. घरातलं सगळं आम्हाला ऐकू येई. भिंतींना कान असतात, मग ट्रंकेनं काय घोडं मारलंय?

आता थोडं वयाबद्दल. जगात माणसाला एक वय असतं, आपल्याकडे निदान दोन असतात, एक घरचं आणि एक शाळेचं. पोराला शाळेत घालायला न्यावं, मास्तरांनी जन्मतारीख विचारावी, बरोबरच्या माणसानं "प्लेग आला त्याच्या मागल्या वर्षी" असं काहीतरी सांगावं आणि मास्तरांनी कान खाजवून 'एक जून' लिहावं. वर्ष जरा पुढचं लिहावं, म्हणजे पुढे नोकरी लांबते. अशा रीतीनं आपल्या देशातली निम्मी सुशिक्षित प्रजा एक जूनला जन्मली. मालकांच्या दाखल्यावरही एक जून १९१० होतं. ते हसून सगळ्यांना सांगत, "शाळेचं वय. खरं वय घरी नळीत आहे."

चाळिशी उलटल्यावर मालकांना धावण्याचं वेड लागलं. रोज पहाटे बसवनगुडीतल्या टेकाडाला चार फेऱ्या. खाकी अर्धी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट, वर घरी विणलेली कानटोपी. दूधवाले थांबून बघत. कस्तुराबाईंनी पहिले आठ दिवस शेजाऱ्यांना "डॉक्टरांनी सांगितलंय" असं सांगितलं, नंतर त्यांनीही लाज सोडली.

मग १९५८ साली कृष्णाजीपंत नावाच्या एका उत्साही गृहस्थांनी प्रौढ क्रीडा मंडळ काढलं आणि 'अखिल भारतीय प्रौढ मैदानी स्पर्धा' जाहीर केली. पहिल्या वर्षी नऊ स्पर्धक आले. सात बसवनगुडीचे, एक हुबळीचा आणि एक सेलमचा. हुबळी एका दिशेला आणि सेलम दुसऱ्या, मधला सगळा भारत आलाच की, असा पंतांचा हिशेब. गट दोन, चाळीस ते पन्नास आणि पन्नाशीपुढचा. मुख्य शर्यत एक मैलाची, शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या.

मालक दाखल्याप्रमाणे पहिल्या गटात धावले आणि दुसरे आले. पुढल्या वर्षीही दुसरे. दोन्ही वेळा पहिला आला शेषगिरी. हा त्यांच्याच कारखान्यात आस्थापना विभागाचा हेडक्लार्क, सगळ्यांची सर्व्हिस बुकं याच्या कपाटात. घराणं तीन पिढ्या बंगळुरातलं, मराठी बोलताना अर्धी कानडी सांडायची. वय बेचाळीस, पाय हरणाचे, स्वभाव गाईचा. शर्यत संपल्यावर मालकांना स्वतःच्या हातानं पाणी द्यायचा. हरवणाऱ्यानं वर पाणी पाजावं, यापरता अपमान नाही.

पण मालकांच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. पन्नाशीपुढच्या गटात सेलमचा निवृत्त पोस्टमन पहिला आला होता. त्याला सात मिनिटं लागली आणि तिसऱ्या फेरीत तो धोतर खोचायला थांबला होता. त्यालाही तसाच कप मिळाला, त्याच्यावरही 'अखिल भारतीय विजेता' कोरलेलं.

"अगं, माझं खरं वय धरलं तर मी त्या गटातला," मालक त्या दिवशी जेवताना म्हणाले. "मी डोळे मिटून धावलो तरी पहिला."

कस्तुराबाईंनी भात वाढला, तोही थोडा जास्तच.

तिसऱ्या स्पर्धेच्या आधी मंडळात वयावरून भांडण पेटलं. नऊपैकी पाच जणांचा वाढदिवस एक जून निघाला होता. एकाच्या दाखल्यात आणि त्याच्या थोरल्या मुलाच्या दाखल्यात नऊ वर्षांचं अंतर निघालं. पंतांनी कपाळाला हात लावला आणि ठराव केला, यापुढे शाळेचा दाखला चालणार नाही, वयाचा पुरावा म्हणजे जन्मपत्रिका. तपासायला विश्वेश्वरशास्त्री. धावण्याच्या स्पर्धेला पंच म्हणून ज्योतिषी नेमणारं जगातलं हे एकच मंडळ असावं. आणि गंमत अशी की हे ठरवणारे सगळे शिकलेले, इंजिनिअर, प्रोफेसर. शाळेच्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण तो कागद खोटा करताना ते हजर होते. माझ्यासारखीला जन्माला घालताना ते हजर नव्हते, म्हणून मी खरी.

मालक ठराव ऐकून घरी आले ते उड्या मारतच. "कस्तुरा, माझी पत्रिका काढ."

कस्तुराबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "कशाला?"

"पन्नाशीपुढच्या गटात नाव घालतोय. त्रेपन्न पुरी आहेत मला."

"अहो, एक वर्ष थांबा ना," त्या म्हणाल्या. "येत्या जूनमध्ये शाळेच्या वयानंसुद्धा पन्नास भरतील. मग कुणाला पत्रिका दाखवा नाहीतर पंचांग दाखवा, कुणी बोट दाखवणार नाही."

"आणि वर्षभरात गुडघे गेले म्हणजे?"

"जातील कसे? आणि पत्रिका अशी चारचौघांत उघडू नये म्हणतात."

"तू शिक्षिका असून असं बोलतेस?" मालक हसले. त्यांना वाटलं, बायकी अंधश्रद्धा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. यांनी गुडघ्याला आयोडेक्स चोळलं, एवढाच फरक. त्यांनी स्वतःच ट्रंक उघडून नळी काढली. मला बाहेर ओढताना माझी शेजारीण अर्धी बाहेर आली, तिला बोटानं परत आत ढकललं. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

जानेवारी १९६०. मैदानाच्या कडेला मांडव, मांडवात टेबल, टेबलावर आम्ही अकरा पत्रिका. वाऱ्यानं उडू नये म्हणून माझ्या उरावर पंतांनी गोळाफेकीचा गोळा ठेवला. विश्वेश्वरशास्त्री भिंग लावून एकेकीला वाचत होते. माझ्याशी आल्यावर म्हणाले, "मूळ नक्षत्र. संवत्सर पराभव. आणि हा मनुष्य जिंकायला आलाय!" सगळे हसले. मालकही हसले. मी हसले नाही. मला राहून राहून वाटत होतं, खोटंच लिहायचं होतं तर त्या ज्योतिषानं एखादा बरा संवत्सर तरी बघायचा.

हो, खोटंच. पण ते मालकांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

शर्यत सुरू झाली. मालक पहिल्या फेरीतच पुढे गेले. मागे सेलमचा पोस्टमन, त्याच्यामागे दम्याचे एक प्रोफेसर, आणि एक गृहस्थ तर छत्री घेऊनच धावत होते. चौथ्या फेरीत मालक टेबलासमोरून गेले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. पंचवीस वर्षांत तो इतका आनंदी मी पाहिला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. खोटी का असेना, मी त्यांच्या काही उपयोगी पडले, असं मला त्या क्षणी वाटलं आणि बरं वाटलं. सहा मिनिटं नऊ सेकंद. शेषगिरी त्याच्या गटात पहिला आला होताच, तो पाण्याचा पेला घेऊन धावत आला. "अण्णा, शाब्बास!" या वेळी मालकांनी ते पाणी आनंदानं प्यायलं.

मालक इथे थांबले असते तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण कीर्ती माणसाला घरात बसू देत नाही. मालकांनी प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून कारखान्यात आपल्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलं. 'पन्नाशीपुढील गट. जन्म २२ ऑक्टोबर १९०६. प्रथम.' मॅनेजरनी सत्कार केला, हार घातला आणि भाषणात म्हणाले, "त्रेपन्नाव्या वर्षी हा पराक्रम!" मग खाली बसल्यावर त्यांना विचार सुचला. मॅनेजर लोकांना असे विचार बसल्यावरच सुचतात. कारखान्यात निवृत्तीचं वय पंचावन्न. म्हणजे हा मनुष्य पावणेदोन वर्षांत जाणार, आणि आपल्याला यादीत नाव कसं दिसलं नाही?

आठवडाभरानं शेषगिरी संध्याकाळी घरी आला. हातात सर्व्हिस बुक. कॉफी झाली, तरी विषय निघेना.

"अण्णा, स्वल्प एक अडचण आहे," शेवटी तो म्हणाला. "तुमची दोन वयं झालीत. बुकात एक, भिंतीवर एक. मॅनेजर विचारतायत, कुठलं खरं."

"शाळेचं वय रे ते बुकातलं. सगळ्यांचंच असतं."

"सगळ्यांचं असतं, पण सगळे भिंतीवर टांगत नाहीत ना." शेषगिरी अगदी कळवळून बोलत होता. "मी काय म्हणतो, तुम्ही लिहून द्या, पत्रिकेत चूक आहे. मी फाईल बंद करतो. पासष्ट सालापर्यंत आरामात नोकरी. फक्त मंडळाला कळवावं लागेल. कप परत द्यावा लागेल."

"आणि नाही दिलं लिहून?"

"मग एकसष्टच्या ऑक्टोबरात निवृत्त. सोमवारी सांगा, सरी? चालेल ना?"

शेषगिरी गेला. मालक टेबलावरच्या कपाकडे बघत बसले. मी कपाखाली होते. टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून मला घडी करून तिथे अंथरलं होतं. कस्तुराबाई समोर येऊन बसल्या. पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "पत्रिकेत चूकच आहे."

"कशावरून?"

"मला ठाऊक आहे." आणि मग पंचवीस वर्षं दाबून ठेवलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "तुमचा जन्म वैशाख वद्य अष्टमी, शके अठराशे बत्तीस. मामींनी सांगितलं होतं मला, मरताना. मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली एक जून अगदी बरोबर आहे. तुम्ही आत्ता एकोणपन्नासच आहात. मी आठ सालची. मी तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. माझं वय कॉलेजच्या दाखल्यावर छापलेलं, ते कमी करता येईना. म्हणून मामांनी तुमचं वाढवून घेतलं. नवरा लहान म्हणजे लोक हसले असते."

मालकांनी कप बाजूला सारून मला उघडलं. एक जूनला जन्मलेल्या लाखो खोट्या माणसांत हा एकच खरा निघाला, आणि त्यानं खऱ्यावर काट मारून खोटं चौकटीत बसवलं होतं. खऱ्या वर्षाच्या संवत्सराचं नाव काय होतं, सांगू? साधारण. साधारण नाम संवत्सर.

"मग तेव्हाच का नाही बोललीस? पत्रिका काढली तेव्हा?"

"बोलले की. एक वर्ष थांबा म्हटलं."

सोमवारी मालक कारखान्यात गेले आणि त्यांनी लिहून दिलं: 'माझी जन्मपत्रिका हीच खरी आहे.'

का दिलं, यावर त्या घरात नंतर पुष्कळ बोलणं झालं. मालक म्हणत, "मी कस्तुराची अब्रू राखली. तिचं वय चव्हाट्यावर येऊ दिलं नाही." कस्तुराबाई म्हणत, "त्यांना कप सोडवेना." मी कपाखालीच होते. रविवारी दिवसभरात मालकांनी सोळा वेळा कप उचलून त्यावरचं नाव वाचलं आणि बायकोच्या तोंडाकडे दोनदा बघितलं. तेव्हा कोण खरं बोलत होतं ते तुम्हीच ठरवा.

ऑक्टोबर १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, पंचावन्न वर्षांचे म्हणून मालक निवृत्त झाले. नारळ, शाल, शेषगिरीच्या डोळ्यांत पाणी. वर्ष उलटलं आणि कारखान्यानं निवृत्तीचं वय अठ्ठावन्न केलं. खऱ्या वयानं मालक अडुसष्ट सालापर्यंत खुर्चीत बसले असते. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं, म्हणतात. त्यांच्या कपाचा आकारही तसाच होता. स्पर्धेचंही तेच. बासष्टपासून पन्नाशीपुढच्या गटात निवृत्त फौजी येऊ लागले, ते घोड्यासारखे पळत. मालक चौथे, सहावे, मग शेवटून दुसरे. कस्तुराबाईंनी शाळेत पुन्हा नोकरी धरली. सकाळी साडेनऊला त्या पर्स घेऊन निघत आणि मालक टेकाडाला फेऱ्या मारून आलेले पाय गरम पाण्यात सोडून बसलेले असत.

मग उजाडला १९६६ चा कार्तिक. पत्रिकेप्रमाणे मालकांना साठ पूर्ण. नातेवाईक जमले, षष्ट्यब्दीची शांत झाली. मला पाटावर तांदळाच्या राशीवर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. पाहुण्यांत कृष्णाजीपंतही होते. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "येत्या जानेवारीपासून साठीपुढचा नवा गट! आणि पहिला स्पर्धक, आपले हुदलीकर!" छप्पन्न वर्षांच्या मालकांचे डोळे चमकले. त्या गटात फौजी नव्हते. होता तो सेलमचा पोस्टमन.

मालक आणि कस्तुराबाईंनी पुन्हा एकदा एकमेकांना हार घातले. पाहुणे जेवायला उठले, तेव्हा मालक हळूच म्हणाले, "काय गं, माझी खरी साठी कधी?"

"सत्तर साली."

"तेव्हा आपण दोघंच करू. तू शिरा कर. कुणाला सांगायचं नाही." आपल्या चतुराईवर खूश होऊन ते हसले.

कस्तुराबाई हसल्या नाहीत. कपाळावरच्या मुंडावळ्या सोडत म्हणाल्या, "करू की. माझी त्याआधी आहे, अडुसष्ट साली. ती कागदावरही खरी आहे. ती कोण करणार?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मालकांच्या मनात आलाच नव्हता. पाहुण्यांनी हाक मारली, ते गेले. कस्तुराबाईंनी माझ्यावरचे तांदूळ झटकले, माझी सुरळी केली आणि मला नळीत सरकवलं.

आता मी तिथेच आहे. जानेवारीत मला पुन्हा बाहेर काढतील, पुन्हा उरावर गोळा ठेवतील, मालक पुन्हा जिंकतील. पुढे सत्तरीचा गट निघेल, ऐंशीचा निघेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी कुठे बोलणार नाही. माझं एकच मागणं आहे, वाचकहो. कधी त्या घरी गेलात तर मालकांना सांगा, नळीत हात घालाल तेव्हा जरा खोल घाला. माझ्या शेजारी दुसरी एक पत्रिका आहे. शके १८३०. तिच्यात एक अक्षर खोटं नाही, आणि लग्न जमलं त्या दिवसापासून ती कुणी उघडलेली नाही.